आईचं फोनबिल आणि नानांची पल्स

मागच्या महिन्यात चिपळूणला गेले, तेव्हा आईने टीव्हीमागून बिलांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "बघ गं जरा. मी फोन लावतच नाही कुणाला, तरी चारशे तेरा रुपये कसले घेतात?"

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज अशी नाहीच. अंगणातल्या आंब्याखाली उभं राहिलं तर एखादी कांडी दिसते, पावसाळ्यात तीही जाते. त्यामुळे लँडलाइन हाच आईचा खरा फोन. मी गठ्ठा पसरून बसले. प्रत्येक बिलात तेच: मासिक आकार ३५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३, कॉलचे पैसे शून्य. प्लॅनचं नाव शोधलं. कुठल्याही नंबरवर, कितीही वेळ बोला, सगळं या ३५० रुपयांत. म्हणजे आईने महिन्यात एक फोन केला काय नि शंभर केले काय, बिल ४१३च.

आणि ती मात्र अजून तीन मिनिटं मोजून बोलत होती. सावंतवाडीच्या मावशीला फोन लावला की नजर घड्याळावर. "बरं, ठेवते, बिल वाढेल."

ही सवय तिला कुठून लागली ते मला पक्कं ठाऊक आहे. नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एसटी स्टँडजवळ एसटीडी बूथ होता, पैसे देऊन गावात नि परगावी फोन करायची जागा. पिवळी पाटी, काचेचं दार, आत एक स्टूल, आणि काचेला टेकवून ठेवलेलं मीटर. त्यावरचे लाल आकडे आत बोलणाऱ्याला आणि बाहेर गल्ल्यावर बसलेल्याला एकाच वेळी दिसायचे. आकडे पळायला लागले की माणसाचा आवाज वर जायचा आणि बोलणं भराभर व्हायचं. दिवसभर त्या आकड्यांसमोर बसलेल्या माणसाचं घर मिनिटांवर चालणार, यात नवल काही नाही.

पल्स म्हणजे काय ते नानांनी मला चौथीत असताना समजावलं होतं. एक्स्चेंज, म्हणजे सगळे फोन जोडणारं केंद्र, तुमचं बोलणं ऐकत नाही, ते फक्त टोले मोजतं. एक टोला म्हणजे एक कॉल. २०००च्या आसपास गावातल्या गावात दर तीन मिनिटांना एक टोला पडायचा. तीन मिनिटं पाच सेकंद बोललात, तर दोन कॉल लागले. एसटीडीला टोल्याची किंमत तीच, पण अंतर जितकं लांब तितके टोले जवळजवळ. मुंबईला बोलताना काही सेकंदांत एक, दिल्लीला त्याहून घाईने. म्हणून लोकलला नाना दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंद झाली की काचेवर नाणं वाजवायचे, गिऱ्हाइकाला आवरतं घ्यायला पंधरा सेकंद मिळायची. दुसरा कॉल पडला तर नफा बूथवाल्याचा, तरी ते वाजवायचे. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो याच गोष्टीचा.

डोंगरवाडीहून एक आजी यायच्या. त्यांचा मुलगा परळला गिरणीत होता, नंतर गिरणी गेली तेव्हा कुठेतरी वॉचमन लागला. आजी बाकावर बसून आधी माझ्याकडून कागदावर लिहून घ्यायच्या: भात झोडून झालं. गाय व्याली, पाडी झाली. तात्याचा ताप उतरला. पैसे पोचले. मग आत जाऊन तो कागद मीटरला टेकवून, बोट ठेवून एकेक ओळ बोलायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. कितव्या ओळीवर काय आहे ते त्यांनी पाठ केलेलं असायचं. मुलाचं उत्तर ऐकायला शेवटी थोडे सेकंद राखून ठेवायच्या.

रात्री अकरा वाजता बूथवर खरी गर्दी व्हायची. अकरानंतर एसटीडीला पाव दर. नवऱ्याशी बोलायला आलेल्या बायका पोरांना मांडीवर झोपवून बाकावर बसायच्या. अकराला पाच मिनिटं कमी असताना कुणी आत शिरू लागलं, तर रांगच त्याला थांबवायची.

ज्यांच्या घरी फोन होता त्यांच्या काटकसरीच्या तऱ्हा वेगळ्या. आमच्या शेजारच्या वकिलांकडे डायलच्या भोकात अडकवलेलं छोटं पितळी कुलूप होतं. पुढे बटणांचे फोन आले आणि कुलूप एक्स्चेंजमधूनच लागायला लागलं. १२४ फिरवून आपला गुप्त आकडा दाबला की एसटीडी बंद. पोचल्याचा निरोप तर सगळेच फुकटात द्यायचे: दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा स्वारगेटला उतरल्यावर दोन रिंगा हा माझा नेम होता. तिसरी रिंग वाजली तर काहीतरी बिनसलंय असं समजून नाना फोन उचलायचे.

मग दर उतरत गेले. २००२च्या संक्रांतीला लांबच्या एसटीडीचे दर निम्म्याहून खाली आले. पुण्याला ०२०ऐवजी ९५२० लावलं तर स्वस्त पडायचं, ते कळायला लोकांना महिने लागले. नानांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून काचेला लावलं होतं. २००३च्या मेमध्ये मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले आणि पैसे फोन लावणाऱ्याच्या माथी आले. १ मार्च २००६ला वन इंडिया योजना आली, देशात कुठेही मिनिटाला एक रुपया. अंतराचा हिशेबच संपला. त्यानंतर दोन वर्षांत नानांनी बूथ बंद केला. मीटर अजून माळ्यावर आहे.

तेव्हा आणि आता यात मोठा फरक एकच आहे, आणि तो पुष्कळ ज्येष्ठ माणसांना कुणी सांगितलेलाच नसतो. तेव्हा आपण बोलण्याचे पैसे द्यायचो. आता बहुतेक प्लॅनमध्ये आपण तारेचं भाडं देतो आणि बोलणं त्यात धरलेलं असतं. म्हणून आधी बिलात बघायचं ते हे: कॉलचार्जेसच्या पुढे आकडा आहे का? शून्य असेल, तर कमी बोलून एक पैसा वाचणार नाही. वाचवायचा तर प्लॅन बदलून.

शेजारच्या काकूंचं नेमकं उलटं निघालं. त्यांनी "सगळ्यात स्वस्त द्या" म्हणून कमी भाड्याचा प्लॅन घेतला होता. मोफत कॉल दहा-बारा दिवसांत संपायचे आणि पुढे प्रत्येक मोबाइलवरच्या फोनला मिनिटामिनिटाला पैसे. त्यांची तिन्ही मुलं मोबाइलवाली. तीन महिन्यांची बिलं शेजारी शेजारी ठेवून बेरीज केली, तर आईच्या ४१३पेक्षा त्या जास्तच भरत होत्या. तीन महिने तरी घ्याच, एका महिन्याच्या बिलावरून प्लॅन ठरवू नका. गणपतीच्या महिन्यात सगळ्यांचेच फोन वाढतात. घरात ब्रॉडबँड असेल तर त्याच बिलात फोनवरचं बोलणं मोफत आहे का तेही बघा. काही घरांत दोन जोडण्यांचं भाडं भरलं जातं आणि एकीवरच काम होण्यासारखं असतं.

आणखी एक. १८०० ने सुरू होणारे नंबर फुकट असतात, १८६० चे नसतात. बँकेने १८६० दिला आणि तुमच्या प्लॅनमध्ये कॉल मोजले जात असतील, तर "कृपया थांबा" ऐकण्याचेही पैसे लागतात. आईने मोबाइलचे नंबर लिहिलेल्या वहीत मी प्रत्येक दहा आकड्यांआधी लाल पेनने शून्य घातलं, कारण १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावल्याशिवाय फोन जात नाही. माझ्या धाकट्या भावाचा नंबर ती बिनशून्याचा फिरवायची आणि "लागत नाही" म्हणून सोडून द्यायची. पैशांपेक्षा या गोष्टीचं मला जास्त वाईट वाटलं.

आईचा प्लॅन मी बदलला नाही. तिची भावंडं चार गावांत आहेत आणि बोलायची माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत. तिने मोजून बोलू नये असं मला मनापासून वाटतं. पैसे दुसरीकडे वाचवले. जूनपासून चार महिने ती माझ्याकडे पुण्याला असते आणि बंद घरातल्या फोनचं पूर्ण भाडं आम्ही वर्षानुवर्षं भरत होतो. जोडणी तेवढे दिवस सेफ कस्टडीत ठेवता येते: फोन बंद, आकार कमी, नंबर आपलाच. कार्यालयात जाऊन अर्ज द्यायचा आणि परत आल्यावर फोन चालू करून घ्यायचा. किती महिन्यांसाठी मिळते, काय आकारतात, ते आपापल्या कंपनीला विचारा. वर्षाचं भाडं एकदम भरलं तर सवलत आहे का तेही त्याच खेपेत विचारून घ्या.

अर्ज द्यायला आई माझ्याबरोबर आली होती. खिडकीवरच्या बाईंना तिने दोनदा विचारलं, "नंबर हाच राहील ना?" शेवटचे पाच आकडे बूथच्या पिवळ्या पाटीवर होते तेच आहेत. बाई हो म्हणाल्या, तेव्हा तिने पिशवीतून चष्मा काढून पावतीवरचा नंबर आकड्याला आकडा लावून तपासला.

त्या संध्याकाळी तिने मावशीला फोन लावला. पाच मिनिटांनी नजर घड्याळाकडे गेली. मी उठले आणि घड्याळ भिंतीवरून काढून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. मावशीच्या सुनेच्या डोहाळजेवणाचा सगळा बेत, शिऱ्यापासून आळूवडीपर्यंत, त्या दोघींनी त्या एका फोनवर ठरवला.