बाहेरचा पैसा कसा मिळतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, परदेशातला फंड कसा मिळतो हो? तुमच्याकडं याद्या असतात म्हणे." लातूर, धाराशिव, बीड, कुठंही गेले तरी हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्या कधी बचत गटाच्या अध्यक्षा असतात, कधी पुण्यातली नोकरी सोडून गावात परतलेला तरुण असतो, कधी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वर्षानुवर्षं वसतिगृह चालवणारे गुरुजी असतात. मी छोट्या संस्थांचे हिशेब बघते आणि त्यांचे प्रस्ताव लिहायला मदत करते, म्हणून हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो. फोनवर दोन मिनिटांत त्याचं खरं उत्तर देता येत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

याद्या आहेत, आणि त्यात गुपित काही नाही. बिल ड्रेटन यांनी १९८० साली सुरू केलेली अशोका ही संस्था फेलो म्हणून निवडलेल्या माणसाला जास्तीत जास्त तीन वर्षं घरखर्चापुरतं मानधन देते, म्हणजे त्याला पूर्ण वेळ कामाला देता येतो. एकोइंग ग्रीन १९८७ पासून अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांच्या पाठीशी उभी राहते. डीआरके फाउंडेशन तीन वर्षांत मिळून ३ लाख डॉलरपर्यंत देतं, भारतातल्या कामांचाही विचार करतं, आणि हा पैसा अमुकच गोष्टीवर खर्च करा अशी अट घालत नाही. अशी मोकळी मदत फार दुर्मीळ. स्कोल आणि श्वाब ही दोन फाउंडेशनं मात्र ज्यांचं काम आधीच उभं राहिलंय आणि दिसतंय, त्यांच्यासाठी. तिथं पहिल्याच वर्षी अर्ज करून वेळ घालवू नका.

यादी हातात पडली की माणूस पहिल्या नावापासून अर्ज भरायला बसतो. तिथं मी थांबवते आणि विचारते, तुमच्या कामाला पैसा हवाय तो कोणत्या जातीचा? परत करायचा नाही असा, व्याजासकट परत करायचा असा, की तुमच्या कंपनीत हिस्सा मागणारा? हे ठरल्याशिवाय जगातली कुठलीही यादी उपयोगाची नाही, असं माझं ठाम मत आहे.

कळंब तालुक्यातल्या एका महिला गटाचं उदाहरण सांगते. गटाची छोटी डाळ मिल आहे. त्यांना परदेशी अनुदान हवं होतं. आम्ही वही उघडून बसलो. तूर घरात येते ती साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत. डाळ मात्र वर्षभर विकली जाते. म्हणजे दोन-तीन महिन्यांत वर्षाचा कच्चा माल भरून ठेवायचा आणि पैसे थेंबाथेंबानं परत येणार. २०२५-२६ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. दोनशे क्विंटल घ्यायची म्हटलं तर १६ लाख रुपये नुसते गोदामात पडून राहतात. क्विंटलभर तुरीतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते, बाकीची चुनी आणि भुसा. या सगळ्यात अडचण होती ती खेळत्या भांडवलाची. खेळतं भांडवल दरवर्षी लागतं. अनुदान एकदाच येतं. एका वर्षी अनुदानावर तूर घेतली, तर पुढच्या जानेवारीत पुन्हा हात पसरायचा का?

त्यांच्यासाठी जवळचीच दारं होती. यंत्राला पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून ३५ टक्के अनुदान मिळतं, कमाल १० लाखांपर्यंत. तुरीसाठी बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे ठरलेल्या रकमेपर्यंत लागेल तसं उचलायचं आणि माल विकला की भरायचं. आणि ज्या बायकांच्या स्वतःच्या शेतात तूर पिकते, त्यांच्यासाठी बाजार समितीची शेतमाल तारण योजना, ज्यात मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजानं मिळतं. ही तारण योजना इतकी चांगली असून आपल्याकडं किती कमी लोक वापरतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. काढणी झाली की पडत्या भावात माल विकायचा आणि नंतर भाव चढलेला बघत बसायचं, हे आपण किती वर्षं करणार?

मग परदेशी पैसा कशासाठी? ज्यात धोका आहे आणि बँक ज्याला हात लावणार नाही, त्यासाठी. कुणी अजून करून पाहिलेलं नाही अशा गोष्टीसाठी. फसलं तरी गावातल्या बाईचं मंगळसूत्र गहाण पडणार नाही, अशा प्रयोगासाठी.

आपल्याच मातीतलं सगळ्यात मोठं उदाहरण किल्लारीच्या भूकंपानंतरचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ नंतर जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला. त्यात गावोगावी बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. घर कसं दुरुस्त करायचं, सरकारी मदत कोणाला मिळाली, कोण राहिलं, हे बघण्याचं काम त्यांच्याकडं आलं. या कामात प्रेमा गोपालन होत्या आणि त्यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था होती. पुनर्वसनाचा पैसा संपला, पण घराबाहेर पडून अधिकाऱ्याशी बोलायला शिकलेल्या बायका राहिल्या. पुढं त्याच भागात बचत गट झाले, बायका गावोगाव जाऊन सौर दिवे आणि सुधारित चुली विकू लागल्या, आणि दुष्काळाच्या वर्षांत एक एकर शेतीचा प्रयोग उभा राहिला. नवऱ्याकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचं, त्यात सोयाबीन किंवा ऊस न लावता भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी लावायची, खत घरचं, पाणी कमी. आधी घरचं खाणं, उरलं तर बाजार.

याच कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. रक्कम होती १०,००० डॉलर, तेव्हाच्या दरानं साधारण साडेसहा लाख रुपये. आपल्याकडं एका बऱ्या ट्रॅक्टरला एवढे पैसे लागतात. जगात गाजलेलं पारितोषिक आणि रक्कम एवढीच, हे ऐकून पुष्कळ जण हिरमुसतात. मला त्यात उमेद वाटते. भूकंप आणि पारितोषिक यांच्यामध्ये चोवीस वर्षं आहेत. या काळात गावात झालेलं काम, ठेवलेल्या नोंदी आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून थोडा-थोडा आलेला पैसा यांतून ते घडलं. पारितोषिकानं मिळाली ती ओळख, आणि ओळखीनंतर दुसरा माणूस तुमचं ऐकून घ्यायला तयार होतो. पुढच्याच वर्षी प्रेमाताईंना श्वाब फाउंडेशनच्या सहभागानं दिला जाणारा भारतातला सामाजिक उद्योजकाचा सन्मान मिळाला. २०२२ मध्ये त्या गेल्या. त्यांचं नाव आपल्या जिल्ह्यांतल्या शाळांतून मुलांना सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता कायद्याचं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत. परदेशातून आलेली देणगी संस्थेच्या नेहमीच्या बँक खात्यात घेता येत नाही. त्यासाठी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिनं आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. संस्था नवी असेल तर ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगी मागता येते. पैसा आधी उतरतो तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे, पूर्वी ती ५० टक्के होती.

२०२० च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट झाली, आणि मराठवाड्याला ती फार लागली. पूर्वी मुंबई-दिल्लीतली मोठी संस्था परदेशी पैसा घ्यायची आणि त्यातला काही भाग नोंदणी असलेल्या आपल्याकडच्या छोट्या संस्थेला द्यायची. इंग्रजी अहवाल, परदेशी पाहुणे, सगळं मोठी संस्था सांभाळायची आणि आपली माणसं गावात काम करायची. असा पैसा पुढं देण्यावर आता पूर्ण बंदी आहे. त्या एका कलमानं आपल्याकडच्या कितीतरी शांतपणे चाललेल्या कामांचा आधार तुटला. पैशाचा हिशेब कडक असावा, यावर माझं दुमत नाही. पण तालुक्याच्या गावातल्या संस्थेला थेट वॉशिंग्टनशी बोलता येईल असं धरून चालणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि हे मी मिळेल त्या व्यासपीठावर सांगत आले आहे.

एक सवलत मात्र ध्यानात ठेवा. परदेशातल्या ग्राहकाला तुम्ही माल विकला किंवा सेवा दिली, तर त्याची रीतसर किंमत परदेशी देणगी धरली जात नाही. पैठणच्या किंवा नांदेडच्या गटानं शिवलेल्या गोधड्या बाहेर गेल्या, तर तो व्यापार आहे. त्याला निर्यातीचे नियम लागतील, एफसीआरए लागणार नाही. सामाजिक उद्योग म्हणवणाऱ्यांनी आधी या वाटेचा विचार करावा.

बाहेरच्या बातम्याही सांगायला हव्यात, कारण त्यांचा परिणाम आपल्या अर्जावर होतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं आपली परदेशी मदत थांबवली, मार्चमध्ये ही मदत वाटणाऱ्या यूएसएड या सरकारी यंत्रणेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर झालं आणि १ जुलैपासून ती यंत्रणाच बंद झाली. ब्रिटननंही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. आफ्रिकेतले दवाखाने, आशियातल्या शाळा, सगळे आता उरलेल्या खाजगी फाउंडेशनांच्या दारात उभे आहेत. तुमचा अर्ज नाकारला गेला तर काम वाईट आहे असा अर्थ लगेच काढू नका. रांग खरोखरच फार लांब झाली आहे.

देशातला पैसाही पाहा. ५ कोटी नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मूल्य, यांपैकी एक जरी असलं तरी त्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामावर खर्च करावी लागते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांना तुम्ही कधी भेटलात का? त्यासाठी १२ए आणि ८०जी ही आयकर सवलतीची आणि सीएसआर-१ हे सीएसआर निधी घेण्यासाठीच्या नोंदणीचं, अशी कागदं तयार हवीत. कंपनी काढलेल्या तरुणांनी छत्रपती संभाजीनगरच्या मॅजिक या इन्क्युबेटरकडं, म्हणजे नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या केंद्राकडं जावं. स्टार्टअप इंडियाच्या बीज निधीत प्रयोग सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान असतं. सोशल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे सामाजिक संस्थांना शेअर बाजारातून पैसा उभारता येतो तो विभाग, हा नवा मार्गही आहे. तिथं डिसेंबर २०२३ मध्ये उन्नती फाउंडेशन ही बंगळूरची संस्था सगळ्यात आधी सूचीबद्ध झाली. आपल्याकडच्या छोट्या संस्थांना तो अजून काही वर्षं दूरचाच आहे, असं मला वाटतं.

आणि हात जोडून एक विनंती. "पाच कोटींचा परदेशी फंड आणून देतो, फाईलचे पन्नास हजार द्या," म्हणणारी माणसं आपल्या जिल्ह्यांतून फिरतात. मोठमोठी लेटरहेड दाखवतात, आलेल्या पैशातले निम्मे परत मागतात. भली भली माणसं यात अडकलेली मी पाहिली आहेत. वर ज्या फेलोशिप आणि पारितोषिकांची नावं घेतली, तिथं अर्ज करायला एक रुपया लागत नाही. पैसे मागितले की उठा आणि चालू लागा.

अर्जात काय लिहावं, हेही विचारता. पहिला मसुदा मराठीत लिहा, आणि ज्या बायका काम करतात त्यांना समोर बसवून लिहा. इंग्रजी नंतर कुणीही करून देईल. निवड करणाऱ्यांना जाणून घ्यायचं असतं की तुम्ही नसतात तर काय झालं असतं, एका कुटुंबामागं खर्च किती, आणि पैसा संपल्यावर काम चालेल कसं. "महिलांचं सक्षमीकरण झालं" या वाक्याला तिथं काही किंमत नाही. डाळ विकल्यावर पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात, गटातल्या किती जणींनी सावकाराचं कर्ज फेडलं, मिल सुरू होण्याआधी त्या दिवसाला किती कमवत होत्या, हे सांगा. 'आधी'ची नोंद काम सुरू होण्यापूर्वीच करावी लागते, ती मागाहून तयार करता येत नाही. म्हणून आज अर्ज करायचा नसला तरी नोंद आजपासून ठेवा.

अशा फंडांच्या बातम्यांवर नजर ठेवायला प्रत्येक गटात शिकलेली एक मुलगी नेमा. बारावी झालेली, मोबाईल वापरणारी, इंग्रजी वाचून अर्थ लावू शकणारी. आठवड्यातून एक सकाळ तिला या कामासाठी मोकळी ठेवा, आणि त्या वेळेचे पैसे द्या. तिनं वहीत रकाने आखावेत. देणाऱ्याचं नाव, भारतातले अर्ज घेतात का, संस्था चालते की कंपनी लागते, पैसा कोणत्या जातीचा, एफसीआरए लागतं का, शेवटची तारीख, आणि नाकारलं गेलं तर त्यांनी काय कारण दिलं. वर्षभरानं ती वही घेऊन या. गेल्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि धर्मादाय कार्यालयातल्या बदल अर्जांची (विश्वस्त वगैरे बदलल्याची नोंद करायच्या अर्जांची) स्थिती सोबत असू द्या. मग कुठं अर्ज करायचा, ते बसून ठरवू.