मांडवा ते मालवण: तीन सायकली, तीन जीपीएस

दाभोळच्या जेटीवर पोचलो तेव्हा धोपाव्याहून निघालेली फेरीबोट अर्ध्या खाडीत आली होती. गुहागर पलीकडेच. आणि माझ्या हँडलबारवरचं जीपीएस यंत्र सांगत होतं की मागे फिरा, गुहागर शंभराहून जास्त किलोमीटर आहे. चिपळूणला वळसा घालून जाणारा रस्ता त्याने शोधला होता. कारण साधं होतं. सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ चालू होतं आणि यंत्र घेतल्यापासून मी तो मेनू उघडलाच नव्हता.

कोकण किनाऱ्यालगतच्या सागरी मार्गाने सायकल चालवायची तर ही एक गोष्ट निघायच्या आधी तपासा. आम्ही तिघांनी जानेवारीत सहा दिवसांत मांडवा ते मालवण केलं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, मग आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड, अशा पाच ठिकाणी सायकली बोटीत चढवल्या. रत्नागिरीच्या खाली बहुतेक खाड्यांवर पूल आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही. पण वरच्या टप्प्यात फेरी वगळून आखलेला रूट काही कामाचा नाही.

तिघांकडे तीन तऱ्हेची साधनं होती, त्यामुळे तुलना आपोआप झाली. एकाकडे नुसता फोन. दुसऱ्याकडे नकाशा नसलेलं छोटं यंत्र, ज्यात पांढऱ्या पडद्यावर फक्त आपल्या रूटची रेघ दिसते. माझ्याकडे पूर्ण नकाशाचं, टचस्क्रीनवालं.

फोन पहिल्याच दुपारी काशीदच्या पुढे हरला. अलिबाग–मुरूड रस्त्यावर समुद्राकडून ऊन थेट पडद्यावर येतं. दिसावं म्हणून ब्राइटनेस पूर्ण केला की फोन तापतो, तापला की पडदा स्वतःच मंद होतो, आणि बॅटरी तर डोळ्यांदेखत उतरते. सायकल कॉम्प्युटरचा, म्हणजे बाकी दोघांकडच्यासारख्या यंत्रांचा, पडदा याच्या उलट वागतो. बऱ्याच यंत्रांत तो बाहेरचा उजेड परत फेकतो, त्यामुळे कडक उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो. म्हणून फोन न्या, पण पॅनिअरमध्ये, म्हणजे चाकाशेजारी लटकवायच्या पिशवीत, ठेवा. नकाशे आधीच ऑफलाइन उतरवून घ्या, कारण केळशी–आंजर्ले पट्ट्यात आमची रेंज वारंवार जात होती. मग फोन आणीबाणीसाठी आणि फेरीबोटवाल्यांना विचारायला शिल्लक राहतो.

नकाशा नसलेलं यंत्र मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप चांगलं निघालं. रूट घरी नीट बनवला असेल तर ती रेघ पुरते. ती फसली फक्त एकदा, हर्णैच्या बाजारात. मासळीच्या गाड्यांमुळे रस्ता बंद होता आणि पर्यायी गल्ली कुठे निघते हे रेघ सांगू शकत नाही. तिथे माझ्या नकाशाने वाचवलं.

पण त्याच नकाशाने आदल्या दिवशी आम्हाला पाखाडीवर नेलं होतं. जवळचा रस्ता म्हणून यंत्राने वळायला सांगितलं, आम्ही वळलो, आणि शंभर पावलांवर जांभ्याच्या पायऱ्या सुरू झाल्या. दोन्ही बाजूंना पोफळीच्या वाड्या, मधून पायऱ्या आणि भरलेल्या सायकली. अंगण सारवत असलेल्या आजी म्हणाल्या, “अहो, ही देवळाची पाखाडी. सायकली घेऊन कशाला आलात इकडे?” चूक आजींची नव्हती आणि खरं तर नकाशाचीही नव्हती. ही यंत्रं बहुतेक ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा वापरतात. त्यात पाखाडी ही पायवाट म्हणून नोंदलेली असते, आणि सायकलसाठी रस्ता शोधणारं सॉफ्टवेअर पायवाट चालेल असं धरून बसतं. कोकणात ती चालत नाही. रोडबाइक किंवा लोडेड सायकल असेल तर रूट आखताना कच्चे रस्ते आणि पायवाटा टाळा, आणि शंका वाटेल तिथे उपग्रह चित्रावर स्वतः बघून घ्या. कोमूट किंवा राइड विथ जीपीएस या रूट आखायच्या ॲपवर हे काम एका संध्याकाळी होतं. नंतर त्या रूटची जीपीएक्स फाइल यंत्रात भरायची. दाभोळनंतर आम्ही रोज रात्री हेच केलं, आणि प्रत्येक जेटीवर फाइल तोडली. जेटीपर्यंत एक, पलीकडून दुसरी. त्यामुळे मागे फिरायला सांगायला यंत्राला जागाच उरली नाही. बोटीत रेकॉर्डिंग हाताने थांबवा. तुम्ही थांबलात की रेकॉर्डिंग आपोआप थांबवणारं ऑटो-पॉज बोट हलत असल्यामुळे ते थांबवत नाही, आणि खाडीचं अंतरही तुमच्या नावावर चढतं.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. टचस्क्रीन मी पुन्हा घेणार नाही. घामेजलेलं बोट, ग्लोव्हज, फेरीवर उडणारे तुषार, यांत पडदा ऐकत नाही किंवा नको ते ऐकतो. बटणं हवीत. गार्मिनचं एज ५४० बटणांवर चालतं, ८४०ला बटणं आणि टच दोन्ही आहेत. बॅटरीसाठी कंपनीचा आकडा वाचा, पण नेव्हिगेशन आणि बॅकलाइट चालू असताना तो कमी होणार हे धरा. ५४०ला कंपनी २६ तास सांगते, एज एक्सप्लोर २ला १६, वाहू कंपनीच्या दुसऱ्या पिढीच्या बोल्टला १५. दिवसाला आठ-नऊ तास चालवून रात्री चार्ज करणार असाल तर बॅटरीपुरतं यातलं कुठलंही चालेल. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांचं गणित वेगळं. ६०० किलोमीटरला ४० तासांची मुदत असते, तिथे चालू असतानाच पॉवर बँकेवरून चार्ज होणारं यंत्र लागतं. पेन्सिल सेलवर चालणारं गार्मिनचंच ईट्रेक्स २२एक्सही विचारात घ्या. दिसायला जुनाट आहे, पण सेल किराणा दुकानातही मिळतात.

चढ दाखवणारा पडदा मला चैनीची गोष्ट वाटायचा. तवसाळहून जयगडला उतरलो आणि मत बदललं. कोकणात प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीवर उतरायचं आणि लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढायचं. सामान लादलेलं असताना हा चढ अजून ४०० मीटर आहे की दोन किलोमीटर, हे कळलं की गिअर वेळेवर पडतो आणि पाय वाचतात. हार्ट रेट, पॉवर मीटर वगैरे आकडे मी सहा दिवसांत एकदाही पाहिले नाहीत. त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

परदेशातून कुणी यंत्र आणून देणार असेल तर एक गोष्ट ठामपणे सांगा. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी इनरीचसारखी साधनं भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. विमानतळावर अशी साधनं सापडल्यामुळे परदेशी प्रवासी अडचणीत आलेले आहेत. साधा सायकल जीपीएस उपग्रहाकडून फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. त्याची काळजी नको.

फेऱ्यांच्या वेळा यंत्रात नसतात. आदल्या दिवशी फोन करून शेवटची बोट किती वाजता ते विचारा आणि चिकटपट्टीवर लिहून स्टेमवर, म्हणजे हँडल धरणाऱ्या पुढच्या नळीवर, लावा. तवसाळला आम्ही अशीच चिठ्ठी बघत शेवटचे सहा किलोमीटर जोर लावून मारले, आणि बोट सुटायच्या बेतात असताना चढलो.