स्प्लेंडरचं हाफ इंजिन: मिस्त्रीजवळ बसून काय काय समजलं

आमची स्प्लेंडर जुनी, हिरो अन होंडा एकत्र होते तेव्हाची. बाबाने घेतलेली. वावर, आर्णीचा बाजार, यवतमाळचा दवाखाना, सगळं तिच्यावरच चालते. यंदा कापूस वेचणीच्या टायमालेच ती धूर मारायला लागली अन ऑईल खायला लागली. ऑईल खाणं म्हणजे खाली एक थेंब गळत नाही पण ऑईल मोजायची काडी काढून पाहिली का ऑईल कमीच. लोड पण घेईना, मागं कापसाचं बोचकं असलं का चढावर थर्डवरून सेकंडला यावंच लागे. गावात ज्याला विचारलं तो म्हणे इंजिन खोल. आता इंजिन खोलणं म्हणजे कुठून कुठपर्यंत हे कोणी सांगत नाही, अन आपल्याकडे निम्मे लोक गाडी दुकानात टाकून बाजाराला निघून जातात, संध्याकाळी येऊन बिल ऐकतात. मी तिथंच स्टुलावर बसलो.

मिस्त्रीने पाना उचलायच्या आधी विचारलं, "धूर कोणत्या कलरचा? अन कधी मारते, सकायी चालू करतानी का चालता चालता?" मला वाटलं टाईमपास करून राहिला. पण सगळा हिशोब त्यातच असते. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते. काळा असला तर पेट्रोल जास्त जाते, मग कार्बोरेटर पाहा, चोक अडकला का पाहा, एअर फिल्टर चोक झालं का पाहा, इंजिनला हात लावायची गरजच नाही. थंडीत सकाळी पांढरा निघतो ती वाफ, गाडी गरम झाली का बंद. निळ्यातही दोन प्रकार. रातभर उभी असलेली गाडी चालू केल्यावर भकाभका मारून मग साफ होत असेल तर वॉल सील गेले, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या अन धूर बाहेर सोडणाऱ्या वॉलच्या दांड्यावरचे रबर, काम कमी. पण रेस दिली का, लोड आला का मारतच राहते तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) नाहीतर बोअर (पिस्टन ज्यात चालतो ते भोक). आमची दुसऱ्यातली.

तरी त्याने खात्री केली. प्लग काढून भोकातून थोडंसं ऑईल सोडलं, प्लग लावून किक मारली. किक एकदम कडक झाली. म्हणजे कॉम्प्रेशन, आत दाबलेली हवा, रिंगांजवळून पळत होतं, ऑईलने तेवढ्यापुरती फट बुजवली. वॉलमधून पळत असतं तर किक तशीच ढिली राहिली असती. फवारणीच्या पंपाचा वायसर गेला का कितीही दांडा मारा प्रेशर धरत नाही ना, रिंगांचं तसंच आहे.

मग खोललं. हेड (वॉल असलेलं वरचं झाकण) अन ब्लॉक (पिस्टन चालतो ते नळकांडं) काढणं म्हणजे हाफ इंजिन, हे गाडीवर असतानाच होते, इंजिन चेसीतून उतरवत नाही. फुल इंजिन म्हणजे सगळं खाली उतरवून केस फोडणं, क्रँक, रॉड, बेअरिंगा, गिअर सगळं बाहेर. दोघांच्या खर्चात लय फरक, म्हणून इथं डोळे उघडे ठेवायचे. पिस्टन काढल्यावर त्याने कनेक्टिंग रॉड धरून पुढे-मागे, म्हणजे पिस्टन ज्या दिशेने चालतो त्या दिशेने हलवला. मला म्हणे, "तूच धरून पाय." आडवा थोडा सरकत होता, तेवढं चालते. सरळ दिशेला अजिबात खेळ नव्हता. तिथं कटकट लागली असती तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँकवर बसणारं तोंड, गेलं, मग फुल इंजिनशिवाय इलाज नाही. जीव भांड्यात पडला राजेहो.

आता रिंगा बदलायच्या का बोअर करायचा? ब्लॉकमध्ये बोट घालून हेडकडच्या तोंडाजवळ नख फिरवलं का कड लागली, चांगली अडकण्यासारखी. रिंग शेवटपर्यंत पोचतच नाही, त्यामुळं तिच्या रस्त्यातली भिंत झिजते अन तोंडाजवळची पट्टी कोरी राहते, तीच ही कड. कड लागली अन तरी नुसत्या रिंगा टाकल्या तर काही महिन्यात पुन्हा धूर, हे त्याने आधीच सांगून टाकलं. असे सांगणारे कमी आहेत, काही जण मुद्दाम रिंगा टाकून देतात, गिऱ्हाईक परत येतेच. एअर फिल्टर काढलं तर कडेने फाटलेलं. आपल्या पांदणीची धूळ कशी असते माहीतच आहे, उन्हाळ्यात घोट्यापर्यंत पाय रुतते. ती फाटक्या जागेतून सरळ आत, ऑईलात मिसळून पॉलिश पेपरचं काम करते. बोअर किलोमीटरने कमी अन धुळीने जास्त जाते असं मिस्त्रीचं म्हणणं, मला पटलं.

कंपनीचा बोअर 50 मिलीमीटरचा, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 49.5, त्याचाच 97.2 सीसी होते. झिजलेला बोअर गोल राहत नाही म्हणून मशीनवर मोठा करून ओव्हरसाईज पिस्टन टाकतात: पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर. हे म्हणजे 0.25 मिलीमीटरपासून पूर्ण 1 मिलीमीटरपर्यंत. आमचा ब्लॉक पहिल्यांदाच खुलला होता, पण पंचवीसमध्ये झीज निघाली नाही, पन्नासचा घ्यावा लागला. पिस्टन आधी विकत घ्यायचा अन तोच बोअरवाल्याच्या हातात द्यायचा, कारण फट त्या पिस्टनच्या मापाने सोडतात. शंभर झाल्यावर मग नवीन ब्लॉक किटच.

ब्लॉक यवतमाळहून येईपर्यंत दुकानात नुसती करमणूक. एक पोट्टा आला, "भाऊ गाडी उठूनच नाही राहिली." म्हणजे पिकअप नाही. पाहिलं तर क्लच सटकत होता, रेस वाढते पण गाडी पळत नाही, हा माणूस हाफ क्लचवर चढ चढणारा, प्लेटा जळल्या. दुसऱ्याची मिसिंग मारत होती, म्हणजे मधेच ठोका चुकवते, प्लग काळा झालेला, साफ करून दिला. एका काकाचं हँडल सरळ जागेवर आल्यावर अडके, खड्ड्यात टकटक करे. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग. छऱ्यांनी वाटीत खड्डे पाडले का असं होते. मिस्त्री म्हणे, "काका, शाकप (शॉकअप) पण बसले तुमचे," काका म्हणे, "राहू दे बाप्पा, चालून राहिली ना!"

आमच्या हेडमध्ये त्याने पेट्रोल ओतलं अन वॉलच्या कडेला पाहत बसला. एक्झॉस्टकडून ओल आली, म्हणजे तो वॉल नीट बसत नव्हता. मग पेस्ट लावून वॉल हाताने घासले, पुन्हा पेट्रोल, आता कोरडं. वॉल सील नवे टाकले. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ दिली नाही, नाहीतर ऑईलला सरळ रस्ता भेटते. मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाचं फिरतं चाक) टी खूण जुळवून टायमिंग चेन चढवली. टॅपेट, म्हणजे वॉल दाबणाऱ्या स्क्रूची फट, जरा मोकळं ठेवलं. गावात सगळ्यांना बिनआवाजाचं इंजिन पाहिजे, पण टाईट टॅपेटने वॉल पूर्ण बसत नाही, गरम झाल्यावर किक खात बसा, शेवटी वॉल जळते. बारीक टकटक परवडली.

गाडी देताना म्हणे, "चाळीसच्या वर न्यायची नाही, डबलशीट नाही, बोचकं तर नाहीच." नवा पिस्टन गरम होऊन फुगते अन फट कमी असल्यामुळं जाम होऊ शकते, सीज म्हणतात ते हेच. एकाच स्पीडवर पण ओढायची नाही, कमीजास्त करत राहायची. 500 किलोमीटरवर पहिलं ऑईल काढलं तर उन्हात चमचम करत होतं, बारीक धातूचा चुरा, हे पहिल्यांदा होतेच. पुन्हा 10डब्ल्यू30 ग्रेडचं ऑईल टाकलं, टॅपेट परत पाहून घेतलं. बाबाला चाळीसचं पटत नव्हतं, "यापेक्षा तं बैलबंडी बरी" म्हणे, पण चालवली तशीच.

धूर बंद आहे, काडीवर ऑईल जागेवर आहे, चढ थर्डवरच निघते. फिल्टर आता बाजाराला गेलो का झटकून आणतो. चेन सॉकेटचे दात टोकदार झालेत, ते काम बाकी आहे, कापसाचे पैसे आल्यावर पाहू.