तो मोबाईल मी काढून घेतला

वकिलीला सव्वीस वर्षं झाली. त्यातली निम्मी धर्मादायच्या ऑफिसात चेंज रिपोर्टच्या तारखा घेण्यात गेली. संस्थेची निवडणूक झाली की ९० दिवसांत बदलाचा अर्ज टाकायचा, हरलेल्या गटाने त्यावर हरकत घ्यायची आणि मग दोघांनी तारखांना यायचं. पुढची निवडणूक तोंडावर येते तरी मागची मंजूर झालेली नसते. म्हणून शहाण्या संस्था बाहेरचा वकील निवडणूक अधिकारी म्हणून बोलावतात. मानधन तीन हजार. शिव्या दोन्हीकडून, त्या फुकट.

मागच्या मे महिन्यात अशीच एका सायकल संघटनेची निवडणूक घेतली. संघटनेचं नाव सांगत नाही. एकोणीस क्लब, प्रत्येकाला एक मत. सायकल चालवणाऱ्यांना मत नाही. क्लबने ठराव करून एक प्रतिनिधी पाठवायचा आणि त्याने मत टाकायचं. यातले सात-आठ क्लब खरोखर पोरं घडवतात. बाकीचे म्हणजे एक लेटरहेड, एक रबरी शिक्का आणि एक काका.

छाननीच्या दिवशीच पहिली गाठ पडली. विद्यमान अध्यक्षांच्या स्वतःच्या क्लबने त्यांचं नाव सुचवायला नकार दिला होता. साहेबांनी दुसऱ्या दोन क्लबांचे सूचक-अनुमोदक आणून अर्ज भरला. त्यावर हरकत घेतली एका मुलीने. वय पंचविशीचं, रोज पहाटे साडेचारला नागपूरच्या काटोल रोडवर सायकल काढणारी. अर्जाला तिने इंग्रजी बातम्यांच्या प्रिंट जोडल्या होत्या. मी म्हटलं, हे काय आहे?

"सर, आंतरराष्ट्रीय संघटनेत पण असंच झालं होतं. २०१३ मध्ये."

मग तिने मला पॅट मॅक्वेडची गोष्ट सांगितली. २००५ पासून जागतिक सायकलिंगच्या संघटनेचा, म्हणजे यूसीआयचा, अध्यक्ष. तिसऱ्यांदा उभं राहायचं तर त्याच्याच देशाच्या, आयर्लंडच्या, संघटनेने सभा बोलावून ९१ विरुद्ध ७४ मतांनी नाव सुचवायला नकार दिला. मग स्वित्झर्लंडची सूचना मिळवली, कारण ऑफिस तिथे एगलला आणि राहायलाही तिथेच. स्विस मंडळींनीही ती मागे घेतली. शेवटी थायलंड आणि मोरोक्कोच्या नावावर अर्ज उभा राहिला.

मी आमच्या संघटनेची घटना उघडली. 'कोणत्याही सभासद क्लबचा सूचक' एवढंच लिहिलेलं. स्वतःच्याच क्लबचा पाहिजे असं कुठे नाही. हरकत फेटाळली, कारणांसह, अर्ध्या पानात. या निर्णयाबद्दल मला आजही काही वाटत नाही. आपल्याकडे लोक घटनेत नसलेलं वाचतात आणि असलेलं वाचत नाहीत, हा माझा रोजचा अनुभव.

"मग तिकडे काय झालं?" जाता जाता विचारलं.

"फ्लॉरेन्सच्या सभेत तासन् तास वाद झाला. शेवटी समोरचा उमेदवार, ब्रायन कुकसन, तोच उठून म्हणाला, पुरे झालं, सरळ मत घ्या. २४ विरुद्ध १८ ने तो जिंकला."

मत घेणं हा माझा प्रांत. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण हे काम मला चांगलं येतं आणि कोणी कौतुक करत नाही.

एकोणीस मतदारांची निवडणूक एकोणीसशेंपेक्षा अवघड असते. गर्दीत मत लपतं, इथे लपायला जागा नाही. एक जण हिरवं पेन आणतो, दुसरा फुलीचा एक पाय लांब ओढतो, तिसरा मतपत्रिकेची अशी घडी घालतो की उघडताना लांबूनच कळावं. म्हणून पेन बंद. शिक्का माझा, शाईचा पॅड माझा. अनुक्रमांक स्थळप्रतीवर, मतपत्रिकेवर नाही. मागे फक्त माझी सही. घडी आधी मी घालून दाखवतो, उभी मग आडवी, म्हणजे ओला शिक्का दुसऱ्या उमेदवाराच्या रकान्यावर उमटत नाही. मोजणीआधी सगळ्या पत्रिका घमेल्यात कालवायच्या. आणि मोबाईल दाराशीच स्टीलच्या परातीत जमा. हा नियम मी एका पतसंस्थेच्या निवडणुकीनंतर सुरू केला. तिथे पडद्याआड फोटो काढून बाहेर दाखवला की पाकीट मिळत होतं.

धंतोलीतला हॉल, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत दोन कूलर. सकाळी तर्री पोहे झाले, त्यामुळे मतदार खुशीत होते. अकराव्या नंबरला एक गृहस्थ आले. साठीचे, काटोलकडे संत्र्याची बाग, त्या मुलीच्याच क्लबचे प्रतिनिधी. परातीत फोन ठेवला आणि पडद्यामागे गेले. मिनिटभराने खटकन आवाज आला. दुसरा फोन खिशात होता.

मी पडदा बाजूला केला. मतपत्रिका टेबलावर पालथी पडलेली, फोन हातात.

"काढाचाच होता साहेब, अजून काढला नाही. क्लबच्या पोरांना दाखवाचा होता. त्यांनी ठराव करून पाठवलं ना मले."

फोन पाहिला. टेबल आणि त्यांचा अंगठा आला होता, मत नव्हतं. तो मी डिलीट करवला आणि फोन काढून घेतला. सगळ्यांसमोर चार शब्द सुनावले. त्यांनी मान खाली घालून पत्रिका पेटीत टाकली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

मोजणीला कूलर बंद केले, पत्रिका उडतात म्हणून. घामाने सगळे निथळत होते. निकाल लागला: विद्यमान अध्यक्ष ११, आव्हानवीर ८.

गडबड अशी की अकरा क्लबांनी अधिकारपत्राबरोबर आपल्या ठरावाची पूर्ण प्रत माझ्याकडे दिली होती. गरज नव्हती, प्रतिनिधीचं नाव पुरेसं होतं. त्या अकराही ठरावांत लिहिलेलं होतं की मत आव्हानवीराला द्यावं. म्हणजे आकडे बरोबर उलटे लागले. निदान तीन जणांनी क्लबचा ठराव हॉलच्या दाराशी, मोबाईलबरोबर ठेवून दिला होता.

संध्याकाळी सही-शिक्के करत होतो तेव्हा ती मुलगी आली. सायकलचं हेल्मेट हातात.

"सर, आमच्या क्लबचं मत कोणाला गेलं?"

"गुप्त मतदान आहे."

"कोणापासून गुप्त?"

मी हसलो. नेहमीचं उत्तर दिलं की मतदारावर दबाव येऊ नये म्हणून.

"मतदार तर आमचा क्लब आहे ना सर? काका तर फक्त पोस्टमन आहेत. पोस्टमनने पत्र कुठे टाकलं हे आम्हाला काऊन नाही कळाचं?"

तिला म्हटलं उशीर झाला आहे, घरी जा. घरी आल्यावर मीच ते सगळं वाचत बसलो.

फ्लॉरेन्सच्या आधी काही दिवस युरोपच्या सायकल महासंघाने झ्युरिकला ठराव केला होता की आपली चौदाही मतं कुकसनला. एकूण मतं ४२. मतदान गुप्त. कुकसनला २४ पडली. त्यात युरोपची चौदाच्या चौदा होती का? मोजणाऱ्यालाही सांगता येणार नाही. चार वर्षांनी बर्गनला हाच कुकसन डेव्हिड लापार्टियँकडून ३७ विरुद्ध ८ ने हरला. मधल्या काळात कोण का फिरलं, कोणाच्या देशाच्या संघटनेने काय सांगितलं होतं, शर्यतीत उतरणाऱ्या कोणाला विचारलं होतं का, हे त्या पेटीतून बाहेर येत नाही. २०२१ आणि २०२५ ला तर लापार्टियँ बिनविरोध. हा शब्द आपल्याकडे साखर कारखान्यापासून गृहनिर्माण सोसायटीपर्यंत अभिनंदनाच्या फ्लेक्सवर असतो.

आणि ही संघटना काही भिशी मंडळ नाही. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर दी फ्रान्स शर्यतीची सात विजेतेपदं उत्तेजकं घेतल्याबद्दल काढून घेतली ती २०१२ मध्ये. त्याआधी याच संघटनेने त्याच्याकडून लाखभर डॉलरच्या वर देणगी घेतली होती. ज्याची तपासणी आपण करायची त्याच्याकडून पावती फाडून पैसे! धर्मादायच्या इन्स्पेक्टरला हे दाखवलं तर तोसुद्धा पेन खाली ठेवेल. २०१५ ला चौकशी आयोगाचा २२७ पानांचा अहवाल आला. लाच सिद्ध झाली नाही, पण त्याला झुकतं माप मिळालं हे त्यात स्पष्ट आहे. अशा माणसांना खुर्चीवर कोणी बसवलं, हे विचारायला जाल तर बेचाळीस घड्या घातलेले कागद.

आपल्याकडे याचा विचार झालेला आहे. राज्यसभेला आमदाराने मत आपल्या पक्षाच्या एजंटला दाखवायचं, असा कायदा २००३ पासून आहे आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो योग्य ठरवला. विधान परिषदेला मात्र तेच आमदार गुप्त मत देतात. जून २०२२ मध्ये मुंबईत दहा दिवसांच्या अंतराने दोन्ही झाल्या, आणि परिषदेच्या रात्री काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण राज्यसभेच्या वेळीही एका आमदाराचं मत मतपत्रिका दाखवण्यावरूनच बाद झालं होतं आणि मोजणी कित्येक तास लटकली. शिवाय उघड मतदान आमच्या संघटनेत आणलं तर पुढच्या निवड चाचणीत कोणत्या क्लबच्या पोरांची नावं गळतील, हे सांगायला ज्योतिषी नको. पडदा काढला तर अध्यक्षांना दिसतं, ठेवला तर क्लबलाही दिसत नाही. फक्त क्लबला दिसेल असा पडदा कसा शिवायचा, ते मला अजून जमलेलं नाही. त्या मुलीने नियमदुरुस्तीचा मसुदा मागितला आहे. दोन केले, दोन्ही फाडले.

जुलैत काटोलचे ते गृहस्थ माझ्या ऑफिसात आले. हातात संत्रा बर्फीचा डबा. बराच वेळ पावसावर बोलले. मग म्हणाले, "साहेब, एक दाखला पाहिजे."

"कसला?"

"मी मत बरोबर टाकलं याचा. पोरं बोलत नाहीत माझ्याशी. रविवारच्या राईडला चहाची किटली मी नेत होतो सात वर्षं, आता सांगतात, काका राहू द्या."

मी त्यांना समजावलं. पत्रिकेवर नंबर नसतो. पाकीट लाखेने सील आहे, आणि फोडलं तरी एकोणीस सारखे शिक्के, सारख्या घड्या. कोणती तुमची, हे मलाही कळणार नाही.

"पण तुम्ही पडदा उघडला तेव्हा पाहिलं असन ना?"

"पालथी होती."

ते गप्प बसले. खरं बोलत होते की दाखला नाहीच मिळणार हे माहीत असूनच मागायला आले होते, हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहून ठरवता आलं नाही. इतकी वर्षं साक्षीदार तपासतो आहे, तरी नाही.

"त्या दिवशी फोटो काढू दिला असता तर..." असं काहीतरी पुटपुटत ते उठले. बर्फीचा डबा मी परत दिला, त्यांनी घेतला नाही.