ब्राउझर नवा, अपडेट रुसलेलं

संगणकावर ब्राउझरची नवी आवृत्ती टाकली आणि त्या दिवसापासून विंडोजचं अपडेटच होईना, अशी तक्रार कुणी केली की ऐकणारा आधी हसतो. बादरायण संबंध लावतोय म्हणतो. ब्राउझर हे इंटरनेट बघायचं साधन, अपडेट ही विंडोजची घरगुती बाब. मध्ये धागा कुठून आला? फायरफॉक्स किंवा क्रोमच्या बाबतीत हे हसणं बरोबरही आहे. पण गोष्ट विंडोज एक्सपी आणि इंटरनेट एक्सप्लोररची असेल, तर तक्रार करणाऱ्याचं जरा ऐकून घ्यावं. त्याचं निदान चुकलं असेल, संशय मात्र योग्य दिशेला गेलेला आहे.

एक्सपी बाजारात आलं ऑक्टोबर २००१ मध्ये, सोबत इंटरनेट एक्सप्लोरर ६ घेऊन. हा नुसता एक प्रोग्रॅम नव्हता. एमएसएचटीएमएल, यूआरएलमॉन, विनआयनेट अशा त्याच्या फाइली आउटलुक एक्सप्रेस वापरायचं, मदतीची पानं वापरायची, खुद्द फोल्डर दाखवणारी खिडकीही वापरायची. त्याहून मोठी गंमत म्हणजे त्या काळात विंडोज अपडेट ही एक वेबसाइट होती. स्टार्ट मेनूवरून ती उघडायची ती इंटरनेट एक्सप्लोररमध्येच, कारण मशीन तपासून काय कमी आहे ते सांगणारा तुकडा अ‍ॅक्टिव्हएक्सचा, म्हणजे वेबपानातून थेट मशीनवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या तंत्राचा, होता आणि अ‍ॅक्टिव्हएक्स दुसऱ्या ब्राउझरांना येत नव्हतं. फायरफॉक्समधून गेलात तर नम्र नकार. म्हणजे ज्या ब्राउझरला दुरुस्त करायचं, त्याच ब्राउझरमधून दुरुस्ती यायची.

ब्राउझर विंडोजपासून वेगळा काढता येतो की नाही, यावर अमेरिकेत विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टवर मोठा खटला झाला. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी तो काढणारा प्रोग्रॅम लिहून दाखवला. त्या प्रोग्रॅमने विंडोज मंदावतं हे सिद्ध करायला मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये कोर्टात एक चित्रफीत चालवली आणि त्या फितीतच गफलत निघाल्याने हसं झालं. निकालाचं काही असो, एक्सपीचं अपडेट बिघडल्यावर त्यात हात घालणाऱ्या कुणालाही ब्राउझर आणि विंडोज ही दोन नावं वेगळी धरून चालायचं नाही.

१८ ऑक्टोबर २००६ ला आवृत्ती ७ आली, १९ मार्च २००९ ला आवृत्ती ८. सातव्या आवृत्तीने अ‍ॅक्टिव्हएक्सकडे संशयाने बघायला सुरुवात केली: आधी न वापरलेले बहुतेक तुकडे परवानगीशिवाय चालेनात. पानाच्या माथ्यावर एक बारीक पिवळी पट्टी यायची, तिच्यावर क्लिक करून होकार द्यायचा. ती पट्टी इतकी सभ्य होती की बहुतेकांना दिसायचीच नाही. अशा वेळी इंटरनेट ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचे पत्ते ट्रस्टेड साइट्समध्ये घालणं आणि ब्राउझर अ‍ॅड-ऑनशिवाय, म्हणजे त्याला जोडलेल्या जादा तुकड्यांशिवाय, उघडून बघणं, एवढं पुरायचं. अ‍ॅक्सेसरीजमध्ये सिस्टिम टूल्सखाली ‘नो अ‍ॅड-ऑन्स’ असा खास शॉर्टकट दिलेला होता. तिथून साइट चालली तर दोष एखाद्या टूलबारचा. त्या काळात प्रत्येक फुकट सॉफ्टवेअरसोबत एक टूलबार यायचा, त्यामुळे गुन्हेगारांची वानवा नव्हती.

याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा, आणि तो विचारायला माहीतगारांनाही संकोच वाटतो: रिस्टार्ट केलं का? खरोखर? नवा ब्राउझर ज्या फाइली बदलतो त्या विंडोज त्याच क्षणी वापरत असतं. चालू फाइलवर नवी फाइल चढत नाही, म्हणून इन्स्टॉलर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या खतावणीत, नोंद करून ठेवतो की मशीन पुढच्या वेळी सुरू होताना हे बदल कर. तोवर काही फाइली नव्या, काही जुन्या. अशा अधांतरी अवस्थेत ‘नंतर रिस्टार्ट’ दाबून कुणी अपडेट सुरू केलं की गोंधळ ठरलेला. आपल्याकडे भारनियमनाच्या दिवसांत तर हे अर्धवट काम ऐन रंगात असतानाच वीज जायची. काम कुठे अडलं ते विंडोज फोल्डरमधल्या आयई७_मेन किंवा आयई८_मेन नावाच्या लॉग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती शेवटाकडून वाचावी, वरून वाचायला बसलं तर झोप लागते.

मग येतो एरर क्रमांक. लोक तो वाचत नाहीत. ‘काहीतरी आठ-शून्य आलं होतं’ एवढंच सांगतात. खरं तर सगळी माहिती त्या शेवटच्या चार-पाच अक्षरांत असते. ८००७२ईई२ म्हणजे सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही. ८००७०००५ म्हणजे परवानगी नाही. ८००७०४२४ म्हणजे अपडेटची सेवाच मशीनवर नोंदलेली नाही. ८००७२एफ८एफ आला तर ब्राउझर सोडा, घड्याळ बघा: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणसेल संपला की मशीन दर वेळी जुन्या तारखेला जागं होतं, त्या तारखेला सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र जन्मलेलंच नसतं आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. सेल बदलायचा, तारीख लावायची, विषय संपला. या एका क्रमांकापायी ‘विंडोज नव्याने मारून घ्या’ असा सल्ला किती मशीनांना मिळाला असेल, देव जाणे.

८०२४४०२सी हा क्रमांक मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण ‘गूगल उघडतंय की, मग नेट चालू आहे’ हा सगळ्यांचा आवडता पुरावा तो खोटा पाडतो. ब्राउझर बाहेर जातो विनआयनेटमधून. अपडेटची सेवा जाते विनएचटीटीपीमधून. दोन्ही विंडोजचेच, नेटशी बोलणारे भाग. एकाच वाड्यातली दोन बिऱ्हाडं, पण प्रॉक्सीचा, म्हणजे नेटकडे जाताना मध्ये लागणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहून ठेवलेला. कॉलेजात किंवा कचेरीत प्रॉक्सी बदलला, नव्या ब्राउझरच्या निमित्ताने कुणी तो ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नीट भरला, आणि ब्राउझर धावू लागला. दुसऱ्या वहीत जुनाच पत्ता. अपडेट बिचारं बंद दारावर थापा मारत बसलेलं. एक्सपीत कमांड प्रॉम्प्टवर नुसतं प्रॉक्सीसीएफजी लिहिलं की दुसरी वही दिसते. पुढे वजा यू जोडलं की ब्राउझरचा पत्ता तिच्यात उतरतो, वजा डी जोडलं की प्रॉक्सी पुसून थेट जोडणी होते. व्हिस्टापासून हेच काम नेटएसएच विनएचटीटीपी या कमांडने करायचं. शो प्रॉक्सी लिहून आधी बघायचं आणि रीसेट प्रॉक्सीने पुसायचं. हा इलाज विंडोज १० वरही चालतो, म्हणून एक्सपीच्या बरोबर तो विसरून जायचं कारण नाही.

बाकी सगळ्या साइट्स उघडतात आणि नेमक्या मायक्रोसॉफ्टच्या व अँटिव्हायरस कंपन्यांच्याच उघडत नाहीत, हे मात्र वेगळंच लक्षण. नोव्हेंबर २००८ मध्ये पसरू लागलेला कॉनफिकर हा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, नेमकं हेच करायचा. नावात ठरावीक शब्द असलेले पत्तेच तो शोधू द्यायचा नाही. त्याला थोपवणारा पॅच, म्हणजे विंडोजमधलं भोक बुजवणारा अपडेट, त्याच्या आधीच, २३ ऑक्टोबर २००८ ला निघाला होता. ज्यांचं अपडेट बंद होतं त्यांच्याच मशीनवर वर्म शिरला, आणि शिरल्यावर त्याने अपडेटचं दार आतून लावून घेतलं. अशा मशीनवर नवा ब्राउझर टाकून काही उपयोग नाही. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून काढणीचं साधन आणून आधी तो वर्म काढायचा.

जोडणी ठीक, घड्याळ ठीक, तरी अपडेट अडतंय, तर मग सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन या फोल्डरकडे वळायचं. स्टार्ट मेनूतल्या रनमध्ये सर्व्हिसेस.एमएससी लिहा, यादीतली ऑटोमॅटिक अपडेट्स ही सेवा थांबवा, विंडोजच्या आतल्या त्या फोल्डरचं नाव बदला, सेवा पुन्हा सुरू करा. विंडोज तो फोल्डर नव्याने बनवतं. पुसून टाकण्यापेक्षा नाव बदलणं शहाणपणाचं, कारण अपडेटचा इतिहास त्यातच असतो. यानंतरची पहिली तपासणी खूप रेंगाळते; त्यात घाबरून रिस्टार्ट मारू नये. अपडेटच्या फाइलींवरच्या डिजिटल सहीची पडताळणी फसत असेल तर क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस थांबवून कॅटरूट२ या फोल्डरला असंच वागवायचं. शेजारी कॅटरूट असतो, शेपटीला दोन नसलेला. त्याला हात लावायचा नाही.

आणि एवढं सगळं सोडून थेट एक्सपीची सीडी घालून ‘रिपेअर’ करणारे शूर असतातच. २००७ च्या ऑगस्टनंतर हे शौर्य अंगाशी येऊ लागलं. सीडीवरून जुन्या फाइली परत यायच्या, अपडेटचा एजंट, म्हणजे अपडेट शोधून बसवणारा विंडोजचा भाग, मात्र मागच्या दाराने नवा व्हायचा, आणि त्याची डब्ल्यूयूपीएस२.डीएलएल ही फाइल नोंदवायची राहून जायची. मग डझनावारी अपडेट उतरायचे आणि एकही बसायचा नाही. उपाय दोन मिनिटांचा: सेवा थांबवा, रेगएसव्हीआर३२ या कमांडपुढे सिस्टिम३२ मधल्या त्या फाइलचा पूर्ण पत्ता देऊन ती नोंदवा, सेवा सुरू करा. रिपेअर करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो दुसऱ्यांदा रिपेअर करतो.

ब्राउझर काढून जुना परत आणणं हाही सरळ मार्ग वाटतो, पण त्याला अटी आहेत. विंडोज फोल्डरमध्ये आयई७ किंवा आयई८ नावाचे लपलेले फोल्डर असतात. परतीची सगळी सामग्री त्यांत. जागा मोकळी करण्याच्या भरात ते उडवले की परतीचं तिकीट फाडलं. दुसरी अट क्रमाची. आवृत्ती ७ आधी आणि मे २००८ चा सर्व्हिस पॅक ३ (एक्सपीच्या अपडेटांचा मोठा गठ्ठा) नंतर, असं झालं असेल तर ब्राउझर काढायचं बटणच नाहीसं होतं. आधी सर्व्हिस पॅक उतरवायचा, मग ब्राउझर. चढलात ज्या क्रमाने, त्याच्या उलट उतरा. हा नियम तर्काला धरून आहे, फक्त तो पडद्यावर कुठेही लिहिलेला नव्हता.

ब्राउझर आणि अपडेट यांच्या नात्याचा खरा कळस दिसला २०१३ च्या अखेरीस. तोवर इंटरनेट एक्सप्लोररचे एकत्रित सुरक्षा अपडेट वर्षानुवर्षं निघत आले होते, प्रत्येक नवा आधीच्याची जागा घेणारा. कोणी कोणाची जागा घेतली हे ठरवताना एक्सपीतला अपडेटचा एजंट ही साखळी अशा पद्धतीने तपासायचा की एक कडी वाढली की काम दुप्पट व्हायचं. साखळी लांबली आणि एसव्हीसीहोस्ट ही विंडोजच्या सेवा चालवणारी प्रक्रिया अख्खा प्रोसेसर गिळून बसू लागली. शंभर टक्के, कधी कधी तासन् तास. मशीनमध्ये बिघाड नाही, व्हायरस नाही, फक्त हिशेब चाललेला. उतारा असा: ऑटोमॅटिक अपडेट्स बंद करून रिस्टार्ट, आपल्या ब्राउझरच्या नेमक्या आवृत्तीचा सर्वांत ताजा एकत्रित अपडेट हाताने डाउनलोड करून बसवणं, पुन्हा रिस्टार्ट, मग सेवा सुरू. ६, ७ आणि ८ यांची पॅकेजं वेगवेगळी. सातचं पॅकेज आठवर चालत नाही. शेवटी जानेवारी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने यादीतल्या जुन्या नोंदी बाद केल्या, तेव्हा पंखे शांत झाले. त्यानंतर तीन महिन्यांत, ८ एप्रिलला, मायक्रोसॉफ्टकडून एक्सपीला मिळणारा आधारच संपला. संपूनही १ मे २०१४ ला, आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी चालू असताना, एक्सपीसाठी अपवाद म्हणून एक पॅच निघाला. कशाचा? इंटरनेट एक्सप्लोररचाच.

व्हिस्टाने अपडेट वेबसाइटवरून काढून कंट्रोल पॅनेलमध्ये नेलं, तेव्हा वाटलं आता सुटका झाली. विंडोज ७ वर चाक उलटं फिरलं. इंटरनेट एक्सप्लोरर ११ बसवायला आधी सर्व्हिस पॅक १ आणि काही ठरावीक अपडेट लागायचे. इन्स्टॉलर ते स्वतः आणायचा प्रयत्न करायचा आणि जमलं नाही की ९सी५९ क्रमांक टाकून निघून जायचा. त्या यादीत केबी२७२९०९४ हा अपडेट होता, जो निव्वळ सेगो यूआय सिम्बॉल या फाँटचा आहे. म्हणजे एका फाँटवाचून ब्राउझर अडायचा. त्याच यादीतल्या केबी२६७०८३८ याने दोन ग्राफिक्स चिप असलेल्या काही लॅपटॉपांना निळा पडदा दाखवला, म्हणजे विंडोज कोसळलं, तेव्हा तो घेण्याआधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर ताजा करावा. सगळे अपडेट एकदम न टाकता एकेक बसवून मध्ये रिस्टार्ट करणं कंटाळवाणं आहे, पण कुठला अडतोय ते तेव्हाच कळतं.

१५ जून २०२२ ला विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर इंटरनेट एक्सप्लोररचा आधार संपला आणि १४ फेब्रुवारी २०२३ ला तो कायमचा बंद करण्यात आला. हे बंद करण्याचं काम विंडोजच्या अपडेटने नव्हे, एज या दुसऱ्या ब्राउझरच्या अपडेटने केलं. आयकॉन गेला. सिस्टिम३२ मध्ये एमएसएचटीएमएल.डीएलएल मात्र विंडोज ११ वरही आहे, कारण एजची जुन्या साइटसाठीची सोय तिच्यावरच चालते. तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं डिटेल्स उघडा; अपडेट बसत गेले की तिथला आवृत्तीचा आकडा अधूनमधून पुढे सरकलेला दिसतो.