पृथ्वीचा कोमल रिषभ: एका बैठकीची तयारी

अंतराळाचं संगीत म्हटलं की हल्ली एक ठरावीक आवाज कानावर पडतो. लांबच लांब घोंगावणारा सिंथेसायझर, त्यावर भरपूर एको आणि मागच्या पडद्यावर फिरणारे तेजोमेघ. मला ते कधी पटलं नाही. ग्रहांच्या गतीत खरीखुरी प्रमाणं आहेत, आवर्तनं आहेत. आपल्या गाण्यातही सगळा कारभार प्रमाणांचा आणि आवर्तनांचाच. मग आकाशाकडे जायला रागाची आणि तालाची वाट धरावी, असं फार दिवस मनात होतं. 10 जानेवारी 2026 च्या शनिवारी मुंबईत शिवाजी पार्कजवळच्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर ती बैठक झाली. ती कशी उभी राहिली ते सांगते, कारण असं काही करावंसं वाटणारे आणखी गाणारे-वाजवणारे असणार.

सुरुवात जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानस केप्लरपासून केली. 1619 साली आलेल्या ‘हार्मोनिसेस मुंडी’ या ग्रंथात त्यानं एक हिशेब मांडला आहे. सूर्यावर उभं राहून पाहिलं, तर प्रत्येक ग्रह दिवसाला आकाशात किती सरकताना दिसेल? ग्रह सूर्यापासून दूर असताना हळू सरकतो, जवळ असताना भरभर. या दोन वेगांचं प्रमाण म्हणजे त्या ग्रहाचं स्वरांतर. शनीचं 4:5, गुरूचं 5:6, मंगळाचं 2:3, पृथ्वीचं 15:16, शुक्राचं 24:25 आणि बुधाचं 5:12.

हे आकडे मी वहीत उतरवले आणि शेजारी आपले स्वर लिहिले. 4:5 म्हणजे सा आणि शुद्ध गंधार. 2:3 म्हणजे सा-प. 5:6 म्हणजे कोमल गंधार. आणि 15:16, आपली पृथ्वी, म्हणजे सा आणि कोमल रिषभ. अख्ख्या वर्षात पृथ्वी षड्जावरून उठते, कोमल रिषभापर्यंत जाते आणि परत येते. आणखी एक गंमत आहे. गुरूच्या कोमल गंधारापासून शनीच्या शुद्ध गंधारापर्यंत जे अंतर आहे ते बरोबर 24:25 भरतं, म्हणजे शुक्राचा अख्खा प्रवास. शुक्राची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार, त्यामुळे तो जागचा फारसा हलतच नाही. एवढं बारीक अंतर गळ्यातून काढायचं तर रोज सकाळी तानपुऱ्यासमोर बसावं लागतं. मी बसले.

आता राग. कोमल रिषभ आणि त्याच्या जोडीला शुद्ध गंधार ही संधिप्रकाश रागांची खूण. इथल्याच वाळकेश्वरात जन्मलेल्या संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी रागसमयाची जी व्यवस्था लावली, तिच्यात दिवस-रात्रीच्या सांध्यावरचे राग या जोडीवरून ओळखले जातात. म्हणजे केप्लरच्या कागदावर पृथ्वी जो स्वर घेते, तोच स्वर आपण पृथ्वीवरच्या सूर्योदय-सूर्यास्ताला देतो. हा योगायोग आहे, आणि बैठकीत मी पहिल्याच वाक्यात तसं सांगितलं. पण गाणाऱ्या माणसाला असा योगायोग सोडवत नाही. संध्याकाळ ठरलेली होती, म्हणून पूरिया धनाश्री घेतला. त्यात पृथ्वीचा कोमल रे आहे, शनीचा शुद्ध ग आहे, मंगळाचा पंचम आहे. मारवा आधी मनात होता, पण त्यात पंचम वर्ज्य, मग मंगळाला जागाच उरत नव्हती.

पेटी ठेवायची नाही हे पेटीवाल्या मित्रानंच सांगितलं. 16:15 चा रिषभ पेटीच्या कोमल रिषभापेक्षा किंचित चढा असतो, आणि 5:4 चा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा चांगलाच उतरलेला. तो म्हणाला, “ताई, माझ्या पट्ट्यांत हे स्वरच नाहीत. सारंगी घे.” सारंगी घेतली. शनीचा गंधार तर मागावाही लागत नाही. खर्जाची तार नीट लागली की तानपुऱ्यातून जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, तो हाच 5:4. बैठकीत मी तानपुरा नुसता चालू ठेवून लोकांना तो शोधायला सांगितला. बहुतेकांना सापडला, आणि मगच मी शनीचं नाव घेतलं.

मंगळापाशी मात्र बरेच दिवस अडून बसले. केप्लरनं स्वतः दिलेले मंगळाचे आकडे आहेत दिवसाला 26 कला 14 विकला आणि 38 कला 1 विकला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा). भागाकार केला की 1.45 येतो. पंचमाला 1.5 लागतो. आजच्या कक्षेच्या आकड्यांनीही 1.45 च येतो, म्हणजे तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या अगदी मधोमध. उलट पृथ्वी आणि शनी आजच्या आकड्यांनी अधिक सुरात आले आहेत. पृथ्वीचा 1.069 येतो, हवा असतो 1.067. शनीचा 1.254 येतो, हवा असतो 1.25. मग मंगळाचं काय करायचं? पंचम लावून गप्प बसणं मला खोटं वाटलं. शेवटी असं केलं की राग पुरा झाल्यावर सारंगीनं एकदा मंगळाचा खरा स्वर लांबवून दाखवायचा. सभेत तो लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक वयस्क बाई कळवळून “अगं बाई” म्हणाल्या. तो स्वर तसाच आहे, आणि तो तसाच ऐकवायला हवा होता.

तारीख ठरवायला पृथ्वीनंच मदत केली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते, म्हणजे सर्वात वेगात, म्हणजे कोमल रिषभावर. जुलैच्या सुरुवातीला सर्वात दूर, म्हणजे षड्जावर. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा म्हणजे बारा महिने धरले. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जानेवारी; सातवी मात्रा जुलै. सातवीवर एकतालाची खाली (टाळी न देण्याची जागा) येते, तिथे तबल्याचा ‘कत्’ हा बोल पडतो आणि तिथेच सा. मी बांधलेल्या बंदिशीची सम कोमल रिषभावर आहे, आणि एक आवर्तन म्हणजे एक वर्ष.

त्यातच 10 जानेवारीला गुरू ग्रह सूर्याच्या बरोबर समोर येत होता, म्हणजे सूर्य मावळताना पूर्वेला गुरू उगवणार. शनी नैर्ऋत्येला उंच. मंगळ आणि शुक्र दोघेही सूर्यामागे दडलेले. निम्मे ग्रह दिसणार नाहीत हे आमंत्रणातच लिहून टाकलं.

पण गुरूचा कोमल गंधार पूरिया धनाश्रीत बसत नाही. म्हणून गुरू तबल्याकडे दिला, आणि माझ्या मते बैठकीतला सर्वात चांगला भाग तोच झाला. आयो, युरोपा आणि गॅनिमीड हे गुरूचे तीन मोठे चंद्र. आयोची फेरी 1.77 दिवसांची, युरोपाची 3.55, गॅनिमीडची 7.15. गॅनिमीडच्या एका आवर्तनात युरोपाची साधारण दोन आणि आयोची चार. बरोबरी, दुगुन, चौगुन. तबलजी दादांना मी एवढंच सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “यात काय, पोरंसुद्धा वाजवतील.” मग पुढचं सांगितलं. हे तिघे कधीच गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत येत नाहीत. युरोपा आणि गॅनिमीड एका बाजूला आले की आयो हमखास समोरच्या बाजूला असतो. अठराव्या शतकात फ्रेंच गणिती लाप्लासनं हे गणितानं दाखवलं.

दादा थांबले. “म्हणजे दोघं समेवर असताना तिसरा खालीच्या मात्रेवर?”

“हो, कायम.”

“मग लोकांनी टाळी कुठे द्यायची गं?”

तीन वेगवेगळ्या सुरांचे तबले, दादा आणि त्यांचे दोन शिष्य. गॅनिमीडला सोळा मात्रांचा तीनताल. युरोपाचा ठेका आठ मात्रांत बसवलेला, त्यामुळे त्याची सम पहिल्या आणि नवव्या मात्रेवर. आयोचा चार मात्रांत, आणि तोही अर्ध्या आवर्तनानं सरकवलेला. म्हणून आयोची सम तिसऱ्या, सातव्या, अकराव्या आणि पंधराव्या मात्रेवर. कागदावर सोपं दिसतं. पण आयो वाजवणारा मुलगा दुसऱ्या दोघांची सम ऐकून आपोआप तिच्याकडे ओढला जायचा. लहानपणापासून हाताला तेच शिकवलेलं, समेला एकत्र भेटायचं. दादांनी त्याला दोघांकडे पाठ करून बसवलं आणि डग्गा काढून घेतला, नुसता तबला ठेवला. “तुझी सम तुझ्याजवळ ठेव, त्यांना तुझी खाली दिसू दे,” असं ते त्याला सांगत राहिले. आठवडाभरानं ते जमलं, आणि मग त्याचं तोंड पुन्हा इतरांकडे केलं.

गच्ची मिळवण्याचं काम वेगळंच. आधी एका सभागृहाकडे विचारलं होतं, पण त्यांना पडदा, दिवे आणि निवेदक असं सगळं हवं होतं, आणि मला आकाश हवं होतं. सोसायटीच्या कमिटीपुढे अर्ज ठेवला. सेक्रेटरीकाकांचा पहिला प्रश्न, “हे पत्रिकेचं वगैरे आहे का? शनी, मंगळ म्हणताय म्हणून विचारतो.” त्यांचं चुकलं नव्हतं, या नावांशी आपल्या घराघरांत भीती जोडलेली आहे. मी त्यांना केप्लरचे आकडे दाखवले आणि शनी म्हणजे गंधार हे गाऊन दाखवलं. माइक नाही, नऊच्या आत संपणार, पाण्याच्या टाकीजवळ कोणी बसणार नाही आणि कठड्यापासून सतरंजी लांब, या अटींवर परवानगी मिळाली. माइक नसल्यामुळे साठाच्या वर माणसं घेता आली नाहीत. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न येत राहिले. एकदा लग्नाची वरातही गेली, तेवढा वेळ आम्ही थांबलो.

आलाप सूर्यास्ताच्या थोडं आधी सुरू केला. मुंबईचा संधिप्रकाश फार टिकत नाही, सूर्य बुडाल्यावर पंचवीसेक मिनिटांत अंधारतं. त्यामुळे विलंबित लांबवता येत नाही आणि रिषभावर जे म्हणायचं ते तेवढ्यातच म्हणावं लागतं. क्षितिजावर धुरकं होतं, पण शनी दिसला. गुरू पूर्वेकडच्या बांधकामाच्या क्रेनमागून वर यायला पावणेआठ वाजले. मग तिन्ही तबले सुरू झाले. एका ओळखीच्या खगोलप्रेमीनं छोटी दुर्बीण लावून ठेवली होती, आणि वाजवणं चालू असतानाच लोक एकेक करून उठून चंद्र बघून येत होते. एका शाळकरी मुलीनं परत येऊन दादांना विचारलं, “यातला आयो कोण वाजवतंय?” टाळी कुठे द्यायची हा प्रश्न लोकांनी आपापला सोडवला. कोणी गॅनिमीडला देत होतं, कोणी आयोला.

कोणाला करून बघायचं असेल तर एक आग्रहानं सांगते. आधी आकडे गळ्यात आणि हातात उतरू द्या, दृश्यं आणि निवेदन नंतर. आणि जिथे आकडा सुरात बसत नाही तिथे तो लपवू नका.

जुलैत पृथ्वी षड्जावर येईल. तेव्हा पावसामुळे आकाश दिसणार नाही, म्हणून पहाटे घरातच भैरवाची बैठक ठेवणार आहोत, सम सावर. बुधाला अजून हात लावलेला नाही. 5:12 म्हणजे मध्य षड्जापासून थेट तार सप्तकातल्या कोमल गंधारापर्यंत, तेही 88 दिवसांच्या वर्षात, म्हणजे द्रुतात. माझा गळा तिथे स्थिर राहत नाही. एक विद्यार्थिनी त्यावर मेहनत करते आहे, आणि दादा तिच्यासाठी द्रुत एकतालाची लय बांधताहेत.