रात्री कोण जागं असतं?

आमच्या कामाला हंगाम असतो. मे महिना, परदेशातली मुलं येतात तो डिसेंबर, आणि गणपतीनंतरचे दिवस. गणपतीला सगळं घर एकत्र येतं. आजोबा तोच प्रश्न पाचव्यांदा विचारतात, आणि वर्षभर फोनवर 'बाबा बरे आहेत' एवढंच ऐकत आलेल्या लेकीच्या लक्षात येतं की आई काहीतरी झाकतेय. विसर्जन झालं की आमचे फोन वाजायला लागतात. पण लगोलग पितृपक्ष येतो, त्यामुळे बहुतेक जण चौकशी करून म्हणतात, "घट बसू देत, मग आणतो."

मुलुंडच्या एका वृद्ध शुश्रूषा केंद्रात मी समाजसेविका आहे. आधी पालिकेच्या रुग्णालयात होते. आमचं केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीचे दोन मजले. बाग नाही. गच्ची आहे, तिथे संध्याकाळी खुर्च्या मांडतो. फोनवर पहिला प्रश्न 'महिन्याचे किती?' असतो, मग 'मासे मिळतात का?' आणि मग एसी. या प्रश्नांना मी हसत नाही. माणूस घाबरलेला असला की जे मोजता येतं तेच आधी विचारतो.

तर पितृपक्षातल्या एका बुधवारी काका-काकू, मुलगा आणि मुलगी असे चौघं आले. काका 79 वर्षांचे, परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सगळा संसार परळच्या चाळीत झाला. चाळ पुनर्विकासाला गेली आणि बिल्डरच्या भाड्यावर दोघं कांजूरमार्गला राहायला आले. विसर आधीपासून होता, पण चाळीत तो खपून जायचा. दारं उघडी, जिन्यात कुणी ना कुणी उभं, काका चुकून वरच्या मजल्यावर गेले तर कुणीतरी हाताला धरून खाली आणून सोडायचं. कांजूरला चौदावा मजला आणि बंद दारं. रोज दिवेलागणीला काका "घरी जातो" म्हणून चपला घालायचे. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी अशी घालमेल वाढते, आणि ओळखीची जागा सुटली की आजाराने उडी मारल्यासारखं वाटतं. पुनर्विकासाच्या बैठकांत चौरस फुटांवर रात्र रात्र भांडणं होतात, या गोष्टीचा मात्र कुणी विषयही काढत नाही.

एकदा ते निसटलेच. लोकल पकडून थेट वर्कशॉपच्या गेटवर पोचले. गेटवरच्या माणसाने बसवून चहा पाजला आणि सदऱ्याच्या खिशात काकूंनी शिवून ठेवलेल्या चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. तेव्हापासून दाराला आतून कुलूप आणि किल्ली काकूंच्या पदराच्या गाठीत.

मुलगा उलव्याला वन बीएचकेमध्ये, दोन मुलं शाळेत. मुलगी वसईला, तिची सासू अंथरुणाला खिळलेली. कामचुकार कुणीच नव्हतं, हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या दारात आलेल्या मुलांकडे लोक एकाच नजरेने बघतात. मुलाने मोबाइल पुढे केला. कर्जतच्या एका केंद्राचे फोटो होते. हिरवळ, आंब्याची झाडं, झोपाळा. महिन्याला 26 हजार. आमचे 38, डायपर आणि डॉक्टर वेगळे, शिवाय दोन महिन्यांची अनामत. काकांची पेन्शन 27 हजारांच्या आसपास. पुढच्या वर्षी 80 पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या 20 टक्के जादा मिळणार, हेही त्याने मांडून ठेवलं होतं. हिशेब चोख होता.

"बाबांना तिथे मोकळी हवा मिळेल," तो म्हणाला.

"आणि मी तिथे कशी जाऊ?" काकूंनी विचारलं. तोवर त्या गप्प होत्या. "कांजूरहून मुलुंड तीन स्टेशनं. दुपारी डबा रिकामा असतो. कर्जतला तू मला महिन्यातून एकदा गाडीने नेशील, तेही रविवार मोकळा मिळाला तर."

इतक्यात काका खुर्चीतून उठले, कोपऱ्यातल्या व्हीलचेअरपाशी उकिडवे बसले आणि चाक फिरवून बघू लागले. "नट ढिला आहे," मला म्हणाले. "दहाचा पाना द्या." खरोखरच ढिला होता. आमच्या मामांनी, म्हणजे पुरुष मदतनिसांनी, पाना आणून दिला. काकांना इथे आणताना घरच्यांनी 'डॉक्टरकडे जायचंय' असं सांगितलं होतं. जे सांगितलेलं त्यांच्या डोक्यात राहणारच नाही, ते सगळं खरं खरं सांगा असा हट्ट मी धरत नाही. माणसाला कायमचं आणून सोडण्याआधी त्याने एकदा येऊन इथला चहा प्यावा, एवढाच माझा आग्रह असतो.

मग मुलाने आवाज खाली करून विचारलं, "मॅडम, दोन मुलं असताना बापाला असं ठेवणं गुन्हा तर नाही ना? व्हॉट्सॲपवर आलं होतं." हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आई-वडिलांना कायमचं वाऱ्यावर सोडण्याच्या हेतूने कुठेतरी टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. खर्च करून, देखभालीची सोय लावून, येऊन-जाऊन राहणं म्हणजे टाकून देणं नव्हे. हे ऐकून त्याचे खांदे जरा सैल झाले.

आणि मग त्याने पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे कुलमुखत्यारपत्र. चाळीतली खोली काकांच्या नावावर, नव्या फ्लॅटचा करारनामा व्हायचा होता. "अंगठा घेऊन टाकू, तुम्ही साक्षीदार व्हा."

"म्हणजे खोलीसाठी चाललंय हे सगळं," मुलगी म्हणाली. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती. पुढची दहा मिनिटं भावंडांचं जे झालं ते मी लिहीत नाही. मी साक्षीदार होणार नाही हे सांगितलं आणि कारणही सांगितलं. ज्याला कागद कळत नाही त्याच्या अंगठ्याला अर्थ नाही. आपल्याकडे भान शाबूत असताना केलेलं कुलमुखत्यारपत्रसुद्धा माणसाचं भान गेलं की संपतं, 1872 च्या करार कायद्यातच तसं आहे. मग उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. हे निदान झालं त्या वर्षीच कुणीतरी सांगायला हवं होतं. निदान करणारे गोळ्या लिहून देतात, वकिलाकडे जा असं क्वचितच सांगतात.

काकूंना या भांडणात रस नव्हता. त्यांनी मला विचारलं, "रात्री कोण जागं असतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारणारी माणसं थोडी. मी सांगितलं, मजल्यावर दोन मावशी, पुरुषांकडे एक मामा, नर्स दोन्ही मजल्यांना मिळून एकच.

"मी रात्री येऊन बघते."

मालकांना फोन केला. ते कुरकुरले, पण हो म्हणाले. मुलगी आईबरोबर येणार, म्हणजे काकांजवळ मुलाने थांबायचं हे ओघानेच आलं. काकूंनी पदराची गाठ सोडली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. हे त्यांनी मुद्दाम केलं का, मी विचारलं नाही.

दोघी रात्री दहाला आल्या. पुरुषांच्या मजल्यावर पॅसेजमध्ये त्यांच्यासाठी खुर्च्या टाकल्या. अकराला मी घरी गेले, पुढचं दुसऱ्या दिवशी कळलं. काकूंनी कुणाशी फारसं बोलणं केलं नाही. एक आजोबा दीडच्या सुमाराला हाका मारायला लागले. एक मावशी डुलक्या घेत होती, ती उठून गेली. दुसऱ्या एकांना तिघांनी मिळून कुशीवर वळवलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी वळवायचं असतं, ते खरंच वळवतात का हे काकूंनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. पहाटेच्या लोकलने त्या परत गेल्या.

"मावशी झोपली होती," सकाळी त्या फोनवर म्हणाल्या. मी काहीतरी सारवासारव करायला लागले. "अहो, माणूस आहे, डोळा लागणारच. हाकेसरशी उठली ते मी बघितलं. पण संडासाला आतून कडी आहे, ती काढा. हे आत जाऊन कडी लावून घेतील आणि उघडायची कशी हेच विसरतील. आमच्याकडे झालंय." दोन मजल्यांची तपासणी करून गेलेल्या कुणालाही ती कडी दिसली नव्हती, मला धरून.

त्यानंतर तासाभराने मुलाचा फोन आला. आवाज बसलेला. रात्री काका चार वेळा दाराशी गेले होते, एकदा त्याच्यावर हात उगारला होता, आणि तीन वाजता आंघोळ करून डबा मागत बसले होते, शिफ्ट चुकेल म्हणून. "आई हे रोज करते?" त्याने विचारलं. मी म्हटलं, ते तुम्ही त्यांनाच विचारा. कर्जतचा विषय त्याने काढला नाही. फक्त घट बसेपर्यंत थांबायचं का, एवढं विचारलं आणि माझ्या उत्तराआधी मागून काकूंचा आवाज आला, "पितृपक्ष मेलेल्यांचा असतो रे."

शुक्रवारी काका आले. पहिले आठ-दहा दिवस वाईट गेले. जेवण अर्धं व्हायचं, संध्याकाळी दाराशी उभे राहायचे. नवीन माणूस रुळेपर्यंत नातेवाइकांनी पंधरा दिवस फिरकू नये असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. आमच्याकडेही तसं म्हणणारे आहेत. मला तो पटत नाही. काकू रोज दुपारी येत, डब्यातून कालवण आणत, चारच्या लोकलने परत जात. मामा काकांना रोज एक जुना, निरुपयोगी पंखा खोलायला देतात. ते खोलतात, पुन्हा जोडतात. नट हरवला की सगळ्यांना धारेवर धरतात.

घरी काकांना एकटं कुणाजवळ ठेवायचं म्हणून काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सारखं पुढे ढकललं जात होतं. ते दिवाळीआधी झालं. तेव्हा चार दिवस लेक कांजूरला राहिली आणि दुपारची फेरी मुलाने केली, उलव्याहून, अर्धी रजा टाकून. संडासाची कडीही निघाली. खोलीच्या करारनाम्याचं मात्र भिजत घोंगडं आहे. वकिलाने उच्च न्यायालयात अर्ज करायला सांगितलं आहे आणि पालक म्हणून नाव कुणाचं घालायचं यावर भावंडांचं अजून एकमत झालेलं नाही. काकू म्हणतात माझं घाला, पण वकील त्यांचं वय विचारतो.